फावडं कोणाच्या मापाचं?

टोरांटोच्या पश्चिमेला मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन या भागांत मराठी कुटुंबं घरं घेतात, तेव्हा घराबरोबर दोन गाड्या मावतील एवढा ड्राइव्ह-वे पदरात पडतो. अपार्टमेंटमध्ये राहत असतो तोवर बर्फ खिडकीतून बघायचा असतो. घर झालं की तो उपसायचा असतो, तोही सकाळी कामावर निघण्याआधी. नोव्हेंबर सरत आला की हार्डवेअरच्या दुकानात फावड्यांची भिंतच उभी राहते. पहिलंच घर घेतलेला माणूस तिथून बहुतेक वेळा सगळ्यात मोठं किंवा सगळ्यात स्वस्त फावडं उचलतो. चाळीस डॉलरांची तर वस्तू, तिचा एवढा विचार कशाला, असं त्याला वाटतं. मला ते पटत नाही. हिवाळ्याचे चार महिने आपल्या कमरेवर आणि काळजावर किती भार पडणार, हे ती वस्तू ठरवते.

खालच्या संवादातली मावशी आणि भाचा इथल्या अनेक घरांत ऐकलेल्या वादांतून मी उभी केली आहेत. मावशी मूळची सांगलीची, मिसिसागात तीसेक वर्षं काढलेली, हृदयरोग विभागातून निवृत्त झालेली परिचारिका. भाचा पुण्यात प्रॉडक्शन इंजिनीअरिंग शिकलेला. यंदा त्याने मिल्टनमध्ये घर घेतलं आहे. दोघं दुकानातल्या त्या भिंतीसमोर उभी आहेत.

भाचा : मावशी, माझं ठरलंय. तीस इंची पातं. पातं जेवढं रुंद तेवढ्या खेपा कमी. मला सातची गाडी गाठायची असते. एक घाव दोन तुकडे, काम संपलं.

मावशी : खेपा कमी होतील रे, पण बर्फ तेवढाच राहील ना? तुझा ड्राइव्ह-वे केवढा आहे?

भाचा : सहा मीटर बाय नऊ.

मावशी : आणि पंधरा सेंटिमीटर बर्फ पडला तर?

भाचा : आठ घनमीटर. ताजा, भुसभुशीत असेल तर घनमीटरला शंभर किलो धरू, म्हणजे आठशे किलो. ओला असेल तर अडीचशे धरावे लागतील. मग... दोन टन.

मावशी : आणि तुझं हे तीस इंची पातं भरून उचललं, तर एका खेपेला किती?

भाचा : पन्नासेक लिटर मावेल. कोरडा पाच किलो, ओला बारा. फावड्याचे दोन किलो वेगळे.

मावशी : म्हणजे चौदा किलो. तेही हात लांब करून, कमरेत वाकून, वर अंग पिळून बाजूला फेकायचे. मिनिटाला दहा वेळा. अठरा इंची पात्यात वीस लिटर मावतो. ओला बर्फ असला तरी पाच किलोच. तो माणूस उचलू शकतो.

भाचा : पण याचा शास्त्रशुद्ध अभ्यास झालाय. फ्रेडरिक टेलर, आम्हाला अभ्यासक्रमात होता. बेथलेहेम स्टीलच्या कारखान्यात त्याने मोजून काढलं की फावड्यावर २१ पौंड भार असला, तर मजूर दिवसाकाठी सगळ्यात जास्त माल हलवतो. २१ पौंड म्हणजे साडेनऊ किलो. तुझे पाच किलो फारच कमी आहेत.

मावशी : त्याने एकच फावडं सगळ्यांना दिलं का?

भाचा : नाही. आधी मजूर आपापली फावडी आणायचे. एकाच फावड्यात बारीक कोळसा साडेतीन पौंड यायचा आणि लोहखनिज ३८ पौंड. मग टेलरने कारखान्यातच फावड्यांची खोली केली. जड मालाला लहान फावडं, हलक्या मालाला मोठं.

मावशी : मग तूच सांगितलंस की.

इथे मला मध्ये बोललं पाहिजे. टेलरचं हे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, आणि १९११ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकामुळे ते जगभर गेलं. लोकांच्या लक्षात राहिला तो २१ पौंडांचा आकडा. फावडं घेणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट मात्र दुसरी आहे : माल बदलला की पातं बदलायचं. आणि बर्फ हा काही एकच माल नाही. जानेवारीत उणे पंधराला पडलेला बर्फ फुंकरीने उडतो. मार्चमध्ये शून्याच्या आसपास पडलेला तितकाच बर्फ अडीच-तीन पट जड असतो. रस्त्यावरून बर्फ सारणारा प्लाऊ गेल्यावर ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी साचलेला ढिगारा त्याहूनही जड. शिवाय टेलरचे मजूर निवडून घेतलेले, रोज हेच काम करणारे गडी होते. वर्षातले तीनशे दिवस खुर्चीत बसून एका पहाटे फावडं हातात घेणाऱ्याला त्यांचा आकडा लावता येत नाही. मावशी पुढे तेच सांगते, पण तिचं कारण वेगळं आहे.

मावशी : मला पाठीपेक्षा तुझ्या छातीची काळजी आहे. १९९५ साली मिशिगनमधल्या डॉक्टरांनी दहा निरोगी, पण व्यायाम नसलेल्या पुरुषांना जड, ओला बर्फ उपसायला लावला. तिशीतली माणसं होती. दोन मिनिटांत त्यांच्या हृदयाचे ठोके व्यायामात जी वरची मर्यादा सांगतात, तिच्या पलीकडे गेले. दहाव्या मिनिटाला सरासरी १७५.

भाचा : धावताना माझेही जातात.

मावशी : धावताना पाय काम करतात आणि श्वास चालू असतो. इथे पाय रोवलेले आणि सगळा जोर हातांचा. हातांच्या कामाने रक्तदाब जास्त चढतो. ओझं उचलताना आपण नकळत श्वास कोंडून धरतो, तेव्हा तो आणखी चढतो. त्यात थंड हवेने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात. मागणी वाढलेली आणि पुरवठा कमी झालेला. हे सगळं पहाटे, चहासुद्धा न घेता अंथरुणातून उठल्या उठल्या. वादळ झालं की दुसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डात काय यायचं, ते मी पाहिलंय.

भाचा : ती म्हातारी माणसं असतील.

मावशी : सगळी नव्हेत. आणि आपल्या लोकांचं वेगळं आहे. बावन्न देशांतला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यात भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता, बाकीच्यांना ५९च्या आसपास. तुझे बाबा कितव्या वर्षी ॲडमिट झाले होते?

भाचा काही बोलत नाही. या मुद्द्यावर आवाज चढलेला मी दर वेळी ऐकलेला आहे आणि मला तो रास्त वाटतो. क्वीबेकमधल्या संशोधकांनी १९८१ ते २०१४ या काळातल्या हिवाळ्यांच्या नोंदी तपासल्या. २० सेंटिमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू बर्फ न पडलेल्या दिवसापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त होते. बायकांमध्ये तसा फरक दिसला नाही. कोणाच्या हातात फावडं होतं, हे त्या नोंदींत नव्हतं, तरी संशोधकांचा संशय फावड्यावरच होता. अमेरिकेत १९९० ते २००६ या काळात बर्फ उपसताना जखमी होऊन वर्षाला सरासरी साडेअकरा हजार लोक तातडीच्या विभागात आले. सगळ्यात जास्त दुखणी कंबरेची, जवळजवळ एक तृतीयांश. हृदयाच्या तक्रारी शंभरात सातसुद्धा नव्हत्या, पण मृत्यू झाले ते सगळे त्यांतच.

भाचा : बरं, उचलायचंच नाही असं धरू. मग तर मोठं पातं चांगलं ना? ढकलत न्यायचं.

मावशी : आता बरोबर बोललास. ढकलायला रुंद चालतं. हे बघ, हे पुशर. पातं आतून वळलेलं आहे, त्यामुळे बर्फ पुढे गुंडाळत जातो. चोवीस इंची घे, तीसचं नको. दहा सेंटिमीटरच्या वर बर्फ साचला की तीस इंचाच्या पुढचा ढीगच तुला ढकलवणार नाही.

भाचा : मग हे एकच घेतो. स्वस्तही आहे.

मावशी : डिसेंबरात पुरेल. फेब्रुवारीत?

भाचा : फेब्रुवारीत काय होतं?

मावशी : तुझं घर केवढ्या प्लॉटवर आहे? शेजारच्याचा ड्राइव्ह-वे आणि तुझा, मध्ये दीड मीटर हिरवळ. दोन्ही घरांचा बर्फ तिथेच. जानेवारी संपेस्तोवर तो ढीग कमरेएवढा होतो. मग ढकलून ठेवणार कुठे? वर फेकावाच लागतो. तिथे हे अठरा इंची लागतं. म्हणून दोन फावडी. ढकलायचं एक, उचलायचं एक.

दुकानातला विक्रेता हे सांगत नाही आणि लेबलवर छापलेलं नसतं. पहिल्या हिवाळ्यात माणूस डिसेंबरच्या बर्फावरून फावडं घेतो, आणि फावड्याची खरी परीक्षा त्यानंतर दोन महिन्यांनी होते. ज्यांना ढीग वर चढवायचा नसेल, त्यांनी पहिल्या बर्फापासूनच तो हिरवळीच्या पार आतल्या टोकापर्यंत ढकलून न्यावा, म्हणजे पुढच्यासाठी जागा उरते. क्वीबेकमध्ये आणि मिशिगनच्या उत्तर टोकाला घसरगाडीसारखं मोठं स्कूप वापरतात : दोन्ही हातांनी धरायचा कमानदार दांडा, खाली पसरट पातं. ते बर्फाखाली सारायचं, भरलं की ओढत न्यायचं, उलटं करायचं. उचलणं मुळीच नाही. ज्यांच्याकडे बाजूला मोकळं आवार आहे, त्यांनी फावड्याच्या आधी हेच बघावं. भाच्याच्या घराला तेवढी जागा नाही.

भाचा : आणि रस्त्यावर टाकला तर? प्लाऊ घेऊनच जाणार आहे.

मावशी : रस्त्यावर टाकायचा नाही. ऑन्टारिओच्या वाहतूक कायद्यात ते मना आहे. आणि टाकलास तरी प्लाऊ तुझ्याच दारात परत आणून घालेल. रस्त्याकडे तोंड करून उभा राहा. आपल्या बाजूची वाहतूक डावीकडून येते, प्लाऊही डावीकडून येतो. डाव्या हाताला रचलेला बर्फ तो खेचत तुझ्या तोंडाशी आणतो. म्हणून तोंडाजवळचा बर्फ उजव्या हाताला रचायचा.

भाचा : आणि तो सोडून जातो त्या बांधाचं काय? मागच्या वर्षी भाड्याच्या घरात पाहिलं मी. सगळं झाडून झालं, आंघोळ करून आलो, तर गुडघाभर उंच भिंत.

मावशी : हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, इथे शेपूटच जड. रस्त्यावरचा दाबलेला, भिजलेला, मिठाचा बर्फ असतो तो. अठरा इंची फावडंसुद्धा भरून घ्यायचं नाही. अर्धं घ्यायचं. वरून थर काढत यायचं, तळाशी पातं खुपसून उपटायचं नाही. आणि गोठायच्या आत काढायचा.

भाचा : गोठायच्या आत म्हणजे मी ऑफिसात असताना. दर पाच सेंटिमीटरला एकदा झाड, हेही तू नेहमी म्हणतेस. संध्याकाळी सहापर्यंत मी डाउनटाउनला असतो.

इथे भाच्याचं बरोबर आहे. थोडा थोडा बर्फ वारंवार काढावा, हा सल्ला सगळीकडे छापलेला असतो आणि तो शरीराच्या दृष्टीने उत्तम आहे, पण तो घरी असलेल्या माणसासाठी आहे. कामावर जाणाऱ्याला रात्री झोपण्यापूर्वी एक फेरी आणि सकाळी एक, एवढंच जमतं. मग दिवसा कोण काढतं? याच प्रश्नाकडे मला वाचकांना आणायचं आहे.

मावशी : तू ऑफिसात असतोस तेव्हा बांध कोण काढणार?

भाचा : बायको काढेल. ती घरूनच काम करते. शाळेतून मुलाला आणायला गाडी काढावीच लागते.

मावशी : तिची उंची किती?

भाचा : पाच फूट एक.

मावशी : आणि तू सहा फूट. मग मघापासून तू फावडं तुझ्या मापाने धरून बघतोयस ते कशासाठी? जी व्यक्ती जास्त वेळा वापरणार, तिच्या मापाचं घ्यायचं. फावडं उभं धरलं की दांडा छातीपर्यंत यावा, कोपराच्या जरा वर. तुझ्या छातीपर्यंत येणारा दांडा तिच्या हनुवटीला लागेल. तिला तो मागे धरून ढकलताच येणार नाही. तुला आखूड झालं तर तू वाकशील आणि कंबर जाईल. म्हणून उचलायचं फावडं तिच्या मापाचं, पुशर तुझ्या मापाचं. आणि हातमोजे काढ खिशातून.

भाचा : दुकानात?

मावशी : घाल आणि मूठ धर. इंग्रजी डी अक्षरासारखी मूठ दिसते छान, पण जाड मोजा घातल्यावर कितीतरी मुठींत बोटं जात नाहीत. मग माणूस मोजे काढतो. उणे पंधराला.

तिने त्याला आणखी एक परीक्षा करायला लावली. फावडं दांड्याच्या मध्यावर एका हाताने आडवं धरायचं आणि थोडा वेळ तसंच ठेवायचं. मनगट थरथरलं तर ते फावडं परत जागेवर. कॅनडाचं व्यावसायिक आरोग्य केंद्र दीड किलोच्या आसपासचं फावडं घ्यायला सांगतं, आणि मलाही तीच मर्यादा योग्य वाटते. रिकाम्या फावड्याचं वजन प्रत्येक खेपेला उचलावं लागतं.

भाचा : मग लोखंडी बादच. पण प्लास्टिक टिकतं का? मला तर हे पोलादी पातं आवडलं होतं. दहा वर्षं बघायला नको.

मावशी : पोलाद फरशी खरवडतं. तुझ्याकडे इंटरलॉकच्या फरश्या आहेत, कडेला ठेच लागली की पातं जागीच थांबतं आणि मूठ पोटात बसते. चांगलं जाड प्लास्टिक घे. कडाक्याच्या थंडीत आपटलं तर तडकतं, म्हणून त्याने बर्फाची लादी फोडायची नाही. लादीला वेगळी सरळ पात्याची पहार मिळते.

भाचा : ॲल्युमिनियम?

मावशी : हलकं आहे, धारही चांगली, पण वाकतं. उचलायच्या फावड्याला चालेल. दांडा मात्र धातूचा नको, हात गारठतात. लाकडी किंवा फायबरग्लासचा बघ.

पात्याच्या टोकाला धातूची पट्टी असावी की नसावी, यावर इथे शेजाऱ्याशेजाऱ्यांत मतभेद आहेत. डांबरी ड्राइव्ह-वे असेल तर पट्टी घ्यावी, चाकांखाली दबलेला बर्फ ती नीट सोलते. इंटरलॉक असेल तर घेऊ नये. ओला बर्फ पात्याला चिकटून बसतो आणि फेकताना निम्मा परत येतो. मेणबत्ती घासली किंवा सिलिकॉनचा फवारा मारला की सुटतो. मिठाची गोष्ट थोडक्यात : साधं मीठ उणे दहाच्या खाली जवळपास निकामी ठरतं, तेव्हा ते फावड्याला पर्याय नाही.

भाचा : हा वाकडा दांडा बघ. मध्येच वळण दिलंय, म्हणजे वाकावं लागत नाही. हे तरी चांगलं ना?

मावशी : मला नाही आवडत. फेकताना हातात फिरतो तो, कुठे जाईल सांगता येत नाही.

भाचा : तू फेकण्याचं बोलतेयस. ढकलताना? आणि थोडं उचलून जवळच ठेवायचं असेल तर? धरून बघ. माझी पाठ बघ, सरळ राहते.

मावशी : (धरून बघते) हं. खरंय. वाकणं कमी होतं.

भाचा : मग बांधासाठी तिला हे घेऊ. तिला लांब फेकायचं नाहीच. अर्धं पातं उचलायचं आणि बाजूला ठेवायचं.

मावशी : घे. पण ढीग उंच झाला की तिने फेकायचं नाही. ते तू संध्याकाळी सरळ दांड्याने कर.

वाकड्या दांड्याबद्दल मी भाच्याच्या बाजूने आहे. जुनी माणसं त्याला नावं ठेवतात, कारण त्यांनी आयुष्यभर सरळ दांड्याने लांब फेकलं आहे. मोजमाप घेणाऱ्या अभ्यासांतही वळणदार दांड्याने कंबरेतून वाकणं कमी होतं असंच दिसलं आहे. ज्याला फेकायचं नाही, त्याने ते खुशाल घ्यावं.

भाचा : आणि इतकं करण्यापेक्षा स्नोब्लोअर?

मावशी : जमत असेल तर घे, मी विरोध करणार नाही. त्याच मिशिगनच्या प्रयोगात ब्लोअर चालवताना तीच माणसं १२४ ठोक्यांवर होती. पण पायऱ्या, गाड्यांच्या कडा, दारापुढची जागा, तिथे फावडंच लागतं. आणि एक शपथ घ्यायची. तोंडाशी बर्फ अडकला तर आत हात घालायचा नाही. मशीन बंद केलं तरी नाही. पात्यात ताण अडकून राहिलेला असतो, बर्फ निघाला की ते फिरतं आणि बोटं जातात. सोबत काठी देतात, तीच वापरायची.

भाचा : आणि १९९९च्या त्या मोठ्या बर्फात तू काय केलंस गं? म्हणतात, लष्कर बोलावलं होतं.

मावशी : टोरांटोचे तेव्हाचे महापौर लास्टमन यांनी, जानेवारीत. दोन आठवड्यांत मीटरभराहून जास्त पडला होता. देशभर त्यांची थट्टा झाली. मी नाही केली. रस्ता मोकळा झाल्याशिवाय अँब्युलन्स येत नाही, हे आम्हाला वॉर्डात कळत होतं.

शेवटी गाडीत दोन फावडी गेली. चोवीस इंची पुशर त्याच्या छातीच्या मापाचं, अठरा इंची हलकं, वळणदार दांड्याचं तिच्या मापाचं. तीस इंची भिंतीवरच राहिलं. सरळ दांड्याचं जुनं फावडं मावशीच्या गराजमधून येणार आहे.

यंदा पहिलं फावडं घेणार असाल तर दुकानात एकटे जाऊ नका. घरात जी व्यक्ती ते जास्त वापरणार, तिला आणि तिच्या हातमोज्यांना सोबत न्या. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर पहिला बर्फ पडण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर गल्लीतल्या एखाद्या मुलाला पैसे देऊन काम सांगा. त्यात कमीपणा काही नाही. उपसताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, विचित्र घाम, दम लागणं, यांतलं काहीही जाणवलं, तर उरलेला कोपरा पूर्ण करत बसू नका. फावडं तिथेच टाका, आत या आणि ९११ला फोन करा.